रात्री उघड्या ठेवायच्या खिडक्या

पुण्याहून मेल आला तेव्हा मी सात रस्त्यावर रिक्षात होते. मोबाईलवरच वाचला आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "वळवा. होटगी रोडला चला."

"मॅडम, आत्ता तर स्टेशन म्हणलात."

"आता होटगी रोड म्हणते. वळवा की!"

बिचाऱ्यानं वळवली. चूक त्याची काहीच नव्हती, पण त्या दिवशी जो समोर येईल त्याच्यावर मी खेकसत होते.

मी एनर्जी ऑडिटर. इमारती किती वीज खातात ते तपासते, आणि नवी इमारत कमी विजेत कशी चालेल ते बांधणाऱ्याला सांगते. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत अजून निम्म्या लोकांना वाटतं मी लाइट बोर्डात आहे. बिल जास्त आलं की माझ्याकडं घेऊन येतात. असो. तर अनिलकुमार शेठच्या टॉवेल कंपनीची नवी इमारत हे माझं पहिलं मोठं काम. खाली शोरूम, मध्ये ऑफिस, वर पॅकिंगचा हॉल. वर्षाला चौरस मीटरमागं पंचेचाळीस युनिट वीज लागेल असं मी सही करून लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात एकाहत्तर लागली. मेलमध्ये एवढंच होतं, बाकी सगळी सभ्य भाषा.

हॉटेलला तारे असतात तसे अशा इमारतींनाही असतात. नुसत्या नकाशावर मिळतात ते कच्चे. पाच कच्चे तारे मिळाले तेव्हा शेठनी पेपरात फोटोसकट बातमी छापून आणली होती, त्यात मी टोकाला उभी आहे. मग वर्षभर इमारत वापरायची, बिलं दाखवायची, आणि आकडे जुळले तर पक्कं सर्टिफिकेट. शेठचे टॉवेल घेणारी परदेशी कंपनी त्या पक्क्या सर्टिफिकेटावर अडून बसली होती.

शेठ केबिनमध्ये माझी वाटच बघत होते. "मॅडम, तुमच्या पाच ताऱ्यांत माझ्या बायका उकडून निघाल्यात की! मी काय म्हणत होतो? सोलापुरात एसीशिवाय भागत नाही."

"शेठ, डिझाईन बरोबर आहे."

"डिझाईन बरोबर आहे, मग घाम कुणाचा चुकीचा आहे?"

वर साठ बायका टॉवेलच्या घड्या घालत होत्या आणि दर दोन मिनिटांनी पदरानं मान पुसत होत्या. गेल्या मे महिन्यात शेठनी तिथं सहा कूलर लावले, त्यानं दमटपणा वाढला, मग दोन एसी आले. वीज जाणार नाही तर काय होईल! पुण्याच्या अभिमन्यू सरांनी, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या तपासनिसांनी, दीड महिना दिला होता. कारण शोधा, दुरुस्त करा, तीस दिवसांचे आकडे दाखवा, मग मी येतो. कारण सापडलं नाही तर डिझाईनच चुकलं असं धरू.

डिझाईन चुकलं असं एकदा कागदावर आलं की सोलापुरात मला परत कुणी दारात उभं करणार नव्हतं. आधीच सगळे हसले होते. बाईमाणूस, वर इथलीच, आणि म्हणते त्रेचाळीस डिग्रीत हॉल गार ठेवते!

डिझाईन काही आभाळातून पडलेलं नव्हतं. जाड भिंती, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं आच्छादन, पश्चिमेला जाळी. खरी मेख हॉलच्या वरच्या बारा खिडक्यांत. दिवसा त्या बंद ठेवायच्या, बाहेरची धग आत घ्यायची नाही. संध्याकाळी सातला उघडायच्या आणि रात्रभर उघड्या ठेवायच्या. गार वारा आत खेळतो, भिंतींनी दिवसभर खाल्लेली उष्णता काढून नेतो. सकाळी नऊला पुन्हा बंद. ना मोटार, ना मशीन. बिघडायला काही नव्हतंच.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकते. त्या इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन म्हणजे माझे वडील. मल्लप्पा. मी त्यांना अप्पा म्हणते.

अप्पांनी चाळीस वर्षं मागावर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. अव्वा, म्हणजे माझी आई, गेलेली, घरात दोघंच, आणि हा माणूस दिवसभर दोन खोल्यांत येरझारा घालायचा. बसणं आमच्या रक्तातच नाही. शेवटी मीच सिक्युरिटी एजन्सीत ओळख काढून त्यांना तिथं लावलं. पण शेठना सांगितलं नाही. सल्लागारानं आपलीच माणसं घुसवली असं कुणी म्हणू नये, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं सांगू? लाज वाटली. पेपरात फोटो आलेली इंजिनिअर आणि तिचा बाप गेटवर सलाम ठोकतोय, हे मला सहन होत नव्हतं. अप्पांना म्हटलं, "तिथं मला मॅडम म्हणा." ते म्हणाले, "बरं." एवढंच. आमचं आडनाव सोलापुरात पैशाला पासरी आहे, कुणाला शंका आली नाही.

तर कारण शोधायचं. पहिल्या आठवड्यात मी ठेकेदाराशी भांडले. विटा तू हलक्या वापरल्यास, असं त्याला तोंडावर म्हटलं. त्यानं विटांची पावतीच पुढं केली आणि वर म्हणाला, "मॅडम, आधी डोक्यावर पाणी मारा." भर एकला गच्चीवर चढले, पांढरे तुकडे हातानं चाचपले, हात पोळला नाही म्हणजे तेही बरोबर होतं. हॉलमध्ये तापमान टिपणारी चार छोटी यंत्रं लावली. आकडे बघून झोप उडाली. पहाटे सहाला बाहेर पंचवीस आणि आत तेहतीस! रात्रभर भिंती जराही निवल्या नव्हत्या. कसं शक्य आहे?

पॅकिंगची सुपरवायझर पायल. हुशार पोरगी, माढ्याहून आलेली, बोलायला फटकळ. तिला गाठलं.

"खिडक्या रोज उघडता ना?"

"देवाशप्पथ मॅडम, सातला निघताना मी स्वतः हँडल फिरवते. बाराच्या बारा. खांदा दुखतोय माझा."

"आणि सकाळी बंद?"

"सकाळी बंदच असतात की. वॉचमनकाका करून ठेवत असतील. लई चांगलेत ते, फरशीसुद्धा ओली करून ठेवतात. फक्त खोक्यांना जरा कुबट वास येतोय."

मी "हं" म्हटलं आणि पुढच्या मुद्द्याकडं वळले. घाई, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश तोंडात असताना एकदम ते वाक्य डोक्यात वाजलं. बंदच असतात? किती वाजल्यापासून? तशीच चूळ भरली, स्कूटर काढली आणि सहाच्या सुमारास होटगी रोडला पोहोचले.

अप्पा वर हॉलमध्ये होते. एका हातात बादली, दुसऱ्या हातात मग, आणि चालत चालत फरशीवर पाण्याचे सपकारे मारत होते. बाराही खिडक्या घट्ट बंद. आत पाऊल टाकलं तर अंग चिकट झालं.

"अप्पा, हे काय?"

"पानी मारतोय. लई कोरडं पडलंय." मला बघून त्यांना नवल वाटलं, पण हातातला मग थांबला नाही.

"खिडक्या कुणी बंद केल्या?"

"मीच की. रोज करतोय. त्या पोरी उघड्याच टाकून जात्यात, ध्यान न्हाय त्यांचं. समदी गेली की मी पैलं काम तेच करतोय." वर मान ताठ करून म्हणाले, "सुताचा माल हाय. वारं लागू द्यायचं न्हाय."

मी मटकन खोक्यावर बसले. कारखान्यात लहानपणी अप्पांचा डबा घेऊन जायची मी. बाहेर आग ओतायची आणि आत सगळ्या खिडक्या बंद, पंखा नाही, खाली फरशी ओली. कोरडा वारा लागला की सूत तडातडा तुटतं, माग थांबतो, म्हणून. चाळीस वर्षं हा माणूस खिडकी दिसली की बंद करत आला आणि फरशी दिसली की भिजवत आला. टॉवेल आता विणून, शिवून, घडी घालून खोक्यात बसले होते. त्यांना वाऱ्याचं काय? पण अप्पांच्या हाताला ते कुठं ठाऊक! माझी कोट्यवधींची इमारत माझ्याच बापानं इमानेइतबारे वर्षभर उबवत ठेवली होती.

समजून सांगायला हवं होतं. मी काय केलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वर्षभर! वर्षभर तुम्ही हे करताय आणि मी तिकडं भिंती फोडायला निघालेय! आजपासून खिडकीला हात लावायचा नाही. पाण्याचा थेंब मारायचा नाही. रात्रभर उघड्या म्हणजे उघड्या!"

"पन लीला, सूत..."

"का, कशाला, काही विचारू नका अप्पा. सांगितलं तेवढं करा."

"बरं," म्हणाले. बादली तिथंच ठेवली आणि एकेक हँडल फिरवून बारा खिडक्या उघडून आले. मी घड्याळ बघत उभी होते.

त्या रात्रीपासून आकडे उतरायला लागले. तेहतीसचे तीस, तीसचे अठ्ठावीस. मे उजाडला, बाहेर त्रेचाळीस, हॉलमध्ये दुपारी तीनला बत्तीस आणि वर नुसते पंखे. बायकांच्या तक्रारी थांबल्या. कूलर खाली गेले, एसीवर पायलनं जुनी चादर टाकली. शेठ स्वतः वर येऊन दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मानलं मॅडम." मी हवेत चालायला हवं होतं. पण मला ना जेवण गोड लागत होतं ना बसवत होतं. कारण अहवालात एक रकाना होता. कारण. तो मी कोराच ठेवला होता.

भीती अप्पांची नव्हती, माझीच होती. या सर्टिफिकेटाचा एक नियम आहे. इमारत सांभाळणाऱ्या प्रत्येक माणसाला प्रशिक्षण द्यायचं, आणि दिलं म्हणून सल्लागारानं रजिस्टरवर सही करायची. गेल्या वर्षी मी ते झोकात दिलं होतं. प्रोजेक्टर, पडदा, समोसे, मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत बावीस माणसं. अप्पा त्या दिवशी ड्युटीवर लवकर आले होते, दारातून डोकावत होते. शेठ बघताहेत, हा माणूस चुकून लीला म्हणून हाक मारेल! मी म्हटलं, "मल्लप्पा, सगळ्यांना चहा सांगून येता का?" ते गेले. चहा घेऊन आले तोवर पडदा गुंडाळला होता. रजिस्टरमध्ये "सुरक्षा रक्षक" या नावापुढं मी "होय" लिहिलं आणि खाली सही ठोकली.

ती सही खोटी. तेवढं बाहेर आलं की सर्टिफिकेट गेलं आणि माझा ऑडिटरचा परवानाही गेला. ते बाहेर येऊ द्यायचं नसेल तर एकच वाट होती. वॉचमनला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही, असं म्हणायचं.

अभिमन्यू सर मेच्या मध्यात आले. मृदू बोलणारा, चष्मा पुसत राहणारा माणूस. सगळी इमारत फिरले, यंत्रांचे आकडे पाहिले, खूश झाले. साडेदहाला आम्ही शेठच्या केबिनमध्ये बसलो. शेठ, पायल, ते आणि मी.

"सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त हा कारणाचा रकाना रिकामा राहिलाय."

"कामकाजातली चूक होती," मी म्हटलं. "खिडक्या रात्री बंद राहत होत्या. आता दुरुस्त केलंय."

"कोण बंद करत होतं?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. पायल बोलून गेली, "वॉचमनकाका."

"आहेत का ते? बोलवता?"

रात्रपाळी संपली तरी पाहुणे येणार म्हणून अप्पांना गेटवर थांबवून ठेवलं होतं, तिथून त्यांना वर आणलं. टोपी काढून हातात धरून दारात उभे राहिले. कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

अभिमन्यू सरांनी रजिस्टर उघडलं. "मल्लप्पा, इथं लिहिलंय की तुम्हाला खिडक्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. खाली मॅडमची सही आहे. दिलं होतं का? घाबरू नका, खरं ते सांगा. दिलं नसेल तर हा कागद खोटा ठरतो, मग मला सर्टिफिकेट देता येत नाही, म्हणून विचारतोय."

अप्पांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग सरांकडं वळले.

"दिलं हुतं की सायेब. मॅडमनी दोन-दोन डाव समजावून सांगितलं हुतं. मीच म्हातारा मानूस, ध्यानात ऱ्हात न्हाय. चुकी माजी हाय."

मी बोलायला तोंड उघडलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. उघडलंच नाही. ग्लासातलं पाणी संपलं होतं तरी मी तो तोंडाला लावून बसले होते.

"साठ बायका वर्षभर उकडल्या या माणसापायी!" शेठ भडकले. "आणि सर्टिफिकेट बुडत होतं ते वेगळंच. पायल, एजन्सीला फोन लाव. उद्यापासून हा नको. उद्या कशाला, आजच ड्रेस जमा करून घ्या म्हणावं."

"शेठ, वय झालंय त्यांचं..." पायल पुटपुटली. ती तरी बोलली.

अप्पांनी मान खाली घातली, नमस्कार केला आणि गेले. अभिमन्यू सरांनी रकान्यात लिहिलं, रखवालदाराचं दुर्लक्ष, सुधारणा झाली. पक्क्या सर्टिफिकेटाची शिफारस आजच पाठवतो म्हणाले. शेठनी पेढे मागवले. मी पेढा खाल्ला. हो, खाल्ला.

तिथून निघाले ती सरळ घरी गेले नाही. जाववेना. विजापूर रोडला गेले, तिथून परत फिरले, सिद्धेश्वर तलावाला वळसा घातला, पेट्रोल संपलं म्हणून पंपावर रांगेत उभी राहिले आणि नंबर आला तेव्हा पर्स पायलच्या टेबलावरच राहिल्याचं कळलं. मागच्यानं हॉर्न मारला तर त्याच्याशी भांडले. स्कूटर ढकलत भवानी पेठेत आले तेव्हा दीड वाजला होता. डोकं तापलेलं, पाय भाजलेले, आणि मनात एकच. अप्पांनी मला चार शिव्या द्याव्यात. थोबाडीत मारावी. म्हणजे सुटले.

अप्पा बनियनवर बसून भाकरी खात होते. घरात ड्रेस नव्हता, टोपी नव्हती. मला बघून म्हणाले, "जेव. शेंगाची चटनी हाय."

"अप्पा, मी..."

"ते ऱ्हाऊ दे. बस हितं. एक सांग मला." ताट बाजूला सारून ते माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महिनाभर अडवून धरलेला प्रश्न होता. "खिडक्या रातच्याला उघड्या का ठेवायच्या?"

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"महिना झाला इचार करतोय. दिसा बंद आनि रातीला उघड्या. आमच्या कारखान्याच्या समदं उलटं. तू म्हनलीस इचारू नका, म्हनून न्हाय इचारलं. आता तर नोकरी न्हाय. आता सांगायला काय हरकत हाय?"

मग मी सांगितलं. आधी अडखळत, मग नीट. भिंत दिवसभर ऊन पिते. रात्री तिला गार वारा मिळाला की ती रिकामी होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला मोकळी. रात्री कोंडली तर आदल्या दिवसाचं ऊन तसंच पोटात राहतं. अप्पा ऐकत होते, मध्ये मध्ये "व्हय, व्हय" म्हणत होते. मी बोटानं फरशीवर हॉलचा चौकोन काढला. बारा खिडक्या टिंबांनी मांडल्या. प्रोजेक्टरसमोर बसलेल्या बावीस जणांतल्या एकानंही मला त्या दिवशी प्रश्न विचारला नव्हता. अप्पांनी दहा मिनिटांत आठ विचारले.

"म्हंजे वारं आत यायला पायजे, आनि दुसऱ्या अंगानं भायेर जायला पायजे."

"हो."

"मग ह्या बारांबिगर उत्तरेला आनि चार खिडक्या हायत, त्या तुमी स्क्रू मारून का बंद केल्यात?"

"तिकडं शेजारच्या गोडाऊनची भिंत आहे अप्पा. वारा येत नाही तिकडून. नकाशावर बघितलंय, हवामानाचे आकडे घेतलेत. वारा पश्चिमेचा."

"दिसा पच्छिमेचा. रातीला त्या बोळातनंच येतंय." ते हसले. "मी वर्षभर बसलोय की तितं. गेटवर उकडतंय म्हनून खुर्ची बोळाच्या तोंडाला न्हेत हुतो. दहा वाजले की असलं गार वारं सुटतंय, शाल घ्यावी लागती. त्या चार उघड. हाय त्याहून दोन डिगरी उतरतंय का न्हाय बघ."

ते खरं होतं. बोळातून वारा खेचला जाणार, कागदावर मांडलं असतं तर मलाही दिसलं असतं. पण मी तिथं एकही रात्र काढली नव्हती, आणि ज्यानं तीनशे काढल्या त्याला मी काही विचारलं नव्हतं.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुनाला? मॅडमला?" ते सहज म्हणाले, टोमणा म्हणून नाही. म्हणून तर जास्त लागलं. "तू मला ह्ये पैल्याच दिशी सांगितलं असतंस, तर मी एक रात बंद ठेवली नसती, लीला."

मला रडू फुटलं. अप्पा घाबरले, पाणी आणायला उठले. ते मोरीकडं वळले आणि मी फोन काढला. जरा थांबले असते तर केला नसता, मला माझी खात्री नाही. अभिमन्यू सर स्टेशनवर गाडीची वाट बघत होते, मागं अनाउन्समेंट चालू होती.

"सर, शिफारस गेली का?"

"गाडीत बसून पाठवणार आहे. का?"

"कारण चुकीचं लिहिलंय. वॉचमनला कुणीही काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना चहा आणायला पाठवलं होतं. रजिस्टरवरची माझी सही खोटी आहे."

सर हळू आवाजात म्हणाले, "शिवलीला मॅडम, हे तुम्ही बोललात तर मला लिहावं लागेल. सर्टिफिकेट जाईल. तुमचा परवानाही. विचार करून बोला. आणि वॉचमननं तर स्वतः सांगितलं..."

"लिहा. खोटं सांगितलं त्यांनी."

तांब्या जमिनीवर आपटला. अप्पा मागं उभे होते. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस असा ओरडला की शेजारची शिवणाची मशीन थांबली.

"ठेव तो फोन! येड लागलंय का तुला? मग मी चार लोकांत मान खाली घातली ती कशापायी? तू मान वर करून फिरावंस म्हनून घातली! चाळीस वर्सं मागावर उभा ऱ्हायलो, कुनाचं एक ऐकून घेतलं न्हाय मी. आज घेतलं. आनि तू त्याची माती करतीस!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. फोन मी कानापासून काढला नाही.

"मॅडम," पलीकडून अभिमन्यू सरांचा आवाज आला, "हे कोण बोलतंय?"

"वॉचमन," मी म्हटलं. "माझे वडील आहेत ते."